कॅमेऱ्यामागचा हात

श्रीरंग कुंभोजकरांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा हेमलताबाई लाइट बिल भरत होत्या. टेबलाखालच्या त्या भल्यामोठ्या काळ्या डब्याने आधी घरघर लावली, मग जळक्या धुळीचा वास सोडला आणि पडद्यावरचा आकडा अर्धवट असतानाच अंधार झाला. त्यांनी बटण दाबून पाहिलं, वरून एक थाप मारून पाहिली. श्रीरंगराव अशीच थाप मारायचे आणि डबा मुकाट्याने चालू व्हायचा. हेमलताबाईंच्या हाताला मात्र त्याने जुमानलं नाही.

बिलाचं काही नव्हतं, ते फोनवरूनही भरता आलं असतं. जीव धसकला तो डब्यातल्या डिस्कसाठी. वीज मंडळातली नोकरी सांभाळून श्रीरंगरावांनी आयुष्यात एकच हौस केली होती, शूटिंगची. आधी टेपवाला हँडीकॅम, मग छोटा डिजिटल कॅमेरा. मुलाचे, निनादचे वाढदिवस, गॅदरिंग, मिरजेच्या कृष्णा घाटावरची दिवाळी, वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांच्यावर टपलेले कावळे, असं तीस वर्षांचं सगळं घर त्या डिस्कमध्ये होतं. नव्हते ते फक्त श्रीरंगराव. "अहो, तुम्हीपण या की चित्रात," असं म्हटलं की "मग काढणार कोण?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लग्नाचा अल्बम पुरात गेला. इकडच्या तिकडच्या समारंभांतले पाच-सहा फोटो होते, पण हलते-बोलते श्रीरंगराव कुठेच नव्हते. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं आणि हेमलताबाईंना अलीकडे एक भीती वाटू लागली होती. ते चालायचे कसे, खांदा कुठला जरा खाली असायचा, हे डोळ्यांसमोर आणायला आता वेळ लागत होता.

निनादने पुण्याहून फोनवरच निकाल लावला. "आई, तसले डबे आता कुणी ठेवत नाही. मिनी पीसी घे. टीव्हीच्या मागे चिकटवला की झालं. बघायचं ते टीव्हीवरच बघ."

"तळहाताएवढ्या पेटीत एवढं सगळं मावेल?"

"मावेल. आणि वर बरंच काही करेल."

लक्ष्मी मार्केटजवळ झरीना मुल्लाचं दुकान होतं. झरीना चाळिशीची, सांगलीला इंजिनिअरिंग शिकलेली. बोलताना चष्मा केसांत खोचायची आणि मग टेबलभर शोधत बसायची. श्रीरंगराव तिच्याकडूनच वायरी आणि मेमरी कार्डं आणायचे. तिने हेमलताबाईंना खुर्ची दिली.

"काय काय करायचंय त्यावर, काकू?"

"जुनं शूटिंग टीव्हीवर बघायचं. नातीशी बोलायचं. बिलं भरायची. आणि आवाज नको गं बाई त्याचा. आधीचा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा."

झरीनाने दोन पेट्या समोर ठेवल्या. एक पांढरीशुभ्र, गुळगुळीत, कडेला निळी रेघ असलेली. तिचं नाव 'पूर्णा'. दुसरी करड्या रंगाची, जरा खडबडीत, पोह्याच्या डब्याच्या झाकणाएवढी. तो 'शिंपला'.

"पंखा दोन्हींत नाही," ती म्हणाली. "जुन्या कॉम्प्युटरात माहिती ठेवायची जागा वेगळी आणि हिशेब करायची जागा वेगळी असायची. विहीर गावाबाहेर आणि चूल घरात, तसं. निम्मा दिवस पाणी वाहण्यात जायचा, त्यातच मशीन तापायचं. या नव्या चिपांमध्ये माहिती जिथे साठते तिथेच तिचा हिशेब होतो. चुलीशेजारी विहीर. म्हणून आधी ज्या कामाला कंपन्यांच्या इमारतीच्या इमारती लागायच्या, ते आता तुमच्या टीव्हीमागे होतं. तुमचं शूटिंग कुठे बाहेर पाठवावं लागत नाही, घरातलं घरातच राहतं."

"मग दोघांत फरक काय?"

"शिंपला रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेवढंच दाखवतो. पण ते अगदी तळापर्यंत उपसून काढतो. पूर्णा त्याच्या पुढे जाते. हललेलं चित्र स्थिर करते, अंधार उजळते आणि जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते अंदाजाने भरून काढते. बहुतेक लोक पूर्णाच नेतात."

हेमलताबाईंनी पांढऱ्या पेटीवरून हात फिरवला. कॅमेऱ्यात आलंच नाही ते. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

"आठवडाभर वापरून बघा," झरीना पिशवीत पेटी घालत म्हणाली. "नाही रुचली तर बदलून देते."

दुकानातल्या मुलीने येऊन जोडणी करून दिली. पूर्णाने दिवसभर जुनी डिस्क वाचली. टीव्हीवर फक्त एक निळी रेघ हळूहळू भरत होती. संध्याकाळी हेमलताबाई देवापाशी दिवा लावून बाहेर आल्या, तर पडद्यावर निनादचा पाचवा वाढदिवस लागलेला. चित्र इतकं स्वच्छ की केकवरचा चेरीचा रस ओघळताना दिसत होता. आधी त्या टेपमध्ये सगळं डुगडुगायचं, आता कॅमेरा जणू भिंतीत बसवला होता. त्या बघत असतानाच खाली अक्षरं उमटली आणि एका सौम्य बाईच्या आवाजाने ती वाचून दाखवली. "चित्रीकरण करणारी व्यक्ती ओळखता आली आहे. दाखवू का?"

हेमलताबाईंनी हातातली काडेपेटी खाली ठेवली. "दाखव," त्या म्हणाल्या.

निनादने नंतर त्यांना समजावून सांगितलं की यात जादू नाही. चित्र काढणारा माणूस चित्रात नसला तरी तो जागोजाग सांडलेला असतो. स्टीलच्या पिंपावर त्याचं प्रतिबिंब असतं, खिडकीच्या काचेत असतं, समोरच्याच्या डोळ्यांत अगदी बारीक असतं. कॅमेऱ्याच्या कोनावरून त्याची उंची कळते, चालताना चित्र कसं डोलतं त्यावरून चाल कळते. त्याचा आवाज तर सगळ्यांत स्पष्ट असतो, कारण माइकच्या सर्वांत जवळ तोच असतो. पूर्णा हे तुकडे वेचते, जवळच्या फोटोंशी जुळवते आणि उरलेल्या फटी आपल्या अंदाजाने बुजवते.

पण त्या संध्याकाळी हेमलताबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच की स्वयंपाकघराच्या दारात, हिरव्या चौकड्यांच्या शर्टात श्रीरंगराव उभे आहेत. तो शर्ट त्या पार विसरून गेल्या होत्या. त्याची कॉलर उलटवून त्यांनीच शिवली होती. पस्तिशीतले श्रीरंगराव, डावा खांदा थोडा खाली. हो, डावाच. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "हेमा, इकडे बघ की."

आवाज खरा होता, टेपमधलाच. हेमलताबाईंनी ते पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा दिनक्रम बदलला. जेवणं उरकली की त्या टीव्हीसमोर खुर्ची ओढत. वाचनालयाची पुस्तकं परत करायची राहिली. गुरुवारच्या भजनाला त्या गेल्या नाहीत आणि शेजारच्या बर्वेबाई विचारायला आल्या तर दारातूनच "जरा कणकण आहे" म्हणून त्यांना वाटेला लावलं. पूर्णात एक सोय होती. मूळ चित्रफीत संपली की 'आणखी थोडं' असा पर्याय येई. तो दाबला की पाहुणे निघून जात, पण श्रीरंगराव खोलीतच राहत. वेताच्या खुर्चीत बसत. भिंतीवरचे फुगे एकेक करून उतरवत.

ते पाहताना पहिल्याच दिवशी त्यांच्या मनात कुठेतरी टोचलं होतं. त्या दिवशी फुगे आवरले होते त्यांनी स्वतः. श्रीरंगराव तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावून, पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. त्यावरून दोघांची थोडी वाजलीही होती. पण हे टोचणं त्यांनी बाजूला सारलं. नवरा फुगे आवरतोय, तर आवरू दे. त्या बघत राहायच्या. चहा निवून त्यावर साय धरायची.

शनिवारी निनाद रेवाला घेऊन आला. सून पल्लवीला कामामुळे येता आलं नव्हतं. चार वर्षांच्या रेवाने आजोबा पाहिले होते, पण ते तिला आठवत नव्हते. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आजी, हे आजोबा? हे माझ्याशी बोलतील?"

"बोलतील की," असं निनादच म्हणाला. तो स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आला. बाप गेला तेव्हा तो रडला नव्हता. बाहेरची माणसं म्हणत, मुलगा खंबीर आहे. हेमलताबाईंना कारण माहीत होतं.

रेवाच्या बारशाला श्रीरंगरावांनी कॅमेरा हातात घेतला नव्हता. निनादने मुद्दाम त्यांच्यासाठी नवी बॅटरी आणली होती. "बाबा, माझं सगळं तुम्ही काढलंत, आता हिचं काढा," असं तो चारचौघांत म्हणाला. श्रीरंगराव मागच्या रांगेत, हात शालीत घालून बसले होते. "आता सगळ्यांच्याच फोनात कॅमेरे असतात. माझं काय काम?" म्हणाले. उठलेच नाहीत. मुलगी झाली म्हणून की काय, असंही कुणीतरी कुजबुजलं. निनादने ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर बापलेकांचं बोलणं तब्येत आणि हवापाण्यापुरतं उरलं. हेमलताबाईही रागावल्या होत्या. "एवढी एकच नात, आणि तुम्हाला तिचं कौतुक नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. श्रीरंगराव काही बोलले नव्हते. मग एके सकाळी हृदय थांबलं आणि बोलायचं राहूनच गेलं.

"आई, मी एक विचार केलाय," जेवणानंतर निनाद म्हणाला. "बारशाचे सगळ्यांच्या फोनांतले फोटो माझ्याकडे आहेत. पूर्णाला सांगितलं तर ती त्याचं शूटिंग बनवून देईल. बाबांनी काढलं असतं तसं. त्यांची पद्धत तिला आता ठाऊक आहे. मध्ये मध्ये त्यांचा आवाजही घालेल. 'रेवा, इकडे बघ.' एवढंच हवंय मला."

मुलाच्या डोळ्यांत लहानपणीचा हट्ट होता. हेमलताबाईंनी रिमोट त्याच्यापुढे सरकवला.

निनादने फोटो दिले. पूर्णाने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि मग तो सौम्य आवाज म्हणाला, "या कामासाठी जागा करावी लागेल. स्वच्छ केलेल्या प्रती ठेवून मूळ चित्रफितींमधली अनावश्यक माहिती काढून टाकू का? यात कॅमेऱ्याची थरथर, पार्श्वभूमीची खरखर आणि चित्रीकरण करणाऱ्याचा श्वास यांचा समावेश आहे. काढलेली माहिती परत मिळणार नाही."

निनादचा अंगठा 'हो'वर होता.

"थांब!" हेमलताबाई जवळजवळ ओरडल्याच. "श्वास म्हणजे?"

"अगं, कॅमेरा तोंडाजवळ असतो ना. धरणाऱ्याचा श्वास माइकमध्ये येतो. खरखर होते नुसती."

"पण तो यांचाच ना?"

"हो, पण—"

"मग अनावश्यक कसा?"

निनादने अंगठा काढला. टीव्हीवर तो प्रश्न तसाच लखलखत होता.

रविवारी सकाळी तिघंही झरीनाच्या दुकानात गेले. रेवा बापाच्या खांद्यावर पेंगत होती. हेमलताबाईंनी जुनी डिस्क टॉवेलात गुंडाळून आणली होती.

"मला श्वास ऐकायचाय," त्या म्हणाल्या.

झरीनाने कशाला, कसला, असं काही विचारलं नाही. डिस्क करड्या पेटीला जोडली, हेडफोन हेमलताबाईंच्या कानांवर बसवला आणि बाकीचे आवाज एकेक करून उतरवत नेले. आधी वाढदिवसाचा गलका गेला. मग पंख्याची घरघर गेली. मग उरली ती नाकातून येणारी बारीक शीळ. श्रीरंगरावांचं नाक लहानपणी क्रिकेटचा चेंडू लागून वाकडं झालं होतं आणि त्यातून अशी शीळ वाजायची. लग्नानंतर पहिली काही वर्षं हेमलताबाईंना त्यापायी झोप लागत नसे. नंतर ती नसली की झोप लागत नसे.

त्यांनी डोळे मिटून घेतले. पडद्यावरच्या हिरव्या शर्टातल्या माणसाला ही शीळ नव्हती. हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

झरीना दुसऱ्या पडद्यावर काहीतरी पाहत होती. तिने चष्मा शोधला, केसांतून काढून डोळ्यांवर लावला आणि परत पाहिलं. "काकू," ती जरा अडखळली, "काकांना हाताचा काही त्रास होता का?"

"नाही. का गं?"

"ही कॅमेऱ्याच्या हलण्याची रेघ. प्रत्येक माणसाचा हात थोडा थरथरतो, तुमचा-माझाही. ती थरथर फार भराभर आणि बारीक असते, इथे सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षं आहे तशी. पण इथून पुढे बघा. लाट मोठी झाली, संथ झाली. अशी लाट आजारात येते. मी डॉक्टर नाही, आणि कुठला आजार ते ही पेटीही सांगू शकत नाही. पण हात कापत होता हे नक्की." तिने बोट पुढे सरकवलं. "आणि आणखी एक. कॅमेरा उचलल्याबरोबर हात स्थिर असतो. काही क्षणांनी कापायला लागतो. काकांना ते कळलं होतं. बघा, शेवटच्या वर्षांत त्यांचे तुकडे लहान लहान होत गेलेत. कंप सुरू व्हायच्या आत ते बंद करायचे."

हेमलताबाईंना आठवलं. त्या काळातलं शूटिंग त्यांना आवडत नसे. फूल दिसायच्या आत संपलं, रेवाच्या आईची ओटी भरताना हात पुढे गेला आणि संपलं. त्यांना वाटायचं, यांना आता कंटाळा येतो. मग बाकीचंही आठवू लागलं. घरी दाढी करायचं सोडून रोज कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाणं. चहा अर्धाच कप ओतायला सांगणं. बँकेत सही जुळली नाही म्हणून संतापून घरी येणं. आणि बारशाला ऐन उकाड्यात अंगावर शाल.

"बारशाच्या आधीचा शेवटचा तुकडा केवढा आहे?" निनादने विचारलं.

झरीनाने तो लावला. पाळणा टांगायचा हुक दिसला, त्याच्याकडे कुणाचा तरी हात गेला आणि चित्र बंद झालं. ते कॅमेरा धरून पाहत असावेत. जमतंय का ते.

दुकानातून बाहेर पडल्यावर निनाद रस्त्याच्या कडेलाच थांबला. आपोआप चालणारी सिटीबस हलकेच हॉर्न देऊन त्यांना वळसा घालून गेली. "सांगायचं ना मग!" तो म्हणाला. "एका वाक्यात सांगता आलं असतं. 'रेवा, आजोबांचा हात कापतो गं.' एवढं म्हणाले असते तर मी... मी किती दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही, आई."

"चारचौघांत कसं म्हणणार? विजेच्या खांबावर चढणाऱ्या पोरांना हात घट्ट ठेवा म्हणून शिकवलं त्यांनी जन्मभर." हेमलताबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "त्यांनी सांगितलं नाही हे खरं. आपणही विचारलं नाही. मी एका घरात राहून विचारलं नाही."

रेवा जागी झाली. "बाबा, तू रडतोस?" तिने विचारलं.

"हो," निनाद म्हणाला. "रडतोय."

घरी आल्यावर मात्र दोघांचं जमेना. निनादचं म्हणणं, दोन्ही पेट्या ठेवू. मूळ फिती शिंपल्यात राहतील आणि पूर्णा रेवासाठी असेल. "तिला आजोबा दिसतात त्यात. शीळ आणि रेघा दाखवून मी तिला काय सांगू?"

"तिला दिसतो तो माणूस फुगे आवरतो," हेमलताबाई म्हणाल्या. "यांनी कधी आवरले नाहीत. तो घोरत नाही. त्याचा हात हलत नाही. फार गुणी आहे तो. निनाद, तुला काय वाटतं, मला तो नकोसा झालाय? हा आठवडा मी खुर्चीवरून उठले नाही. दुपार कधी होते याची वाट बघत स्वयंपाक उरकायचे. एवढी वाट मी लग्नाआधीही पाहिली नव्हती. म्हणून सांगते, तो इथे राहिला तर वर्षभरात मला तोच आठवेल. यांचं वाकडं नाक आठवणार नाही. हे दुसऱ्यांदा जातील, आणि या वेळी मला कळणारही नाही."

बारशाचं शूटिंग निनादने स्वतःच रद्द केलं. पण पेटी त्याने काढली नाही. ते त्याने आईवर सोडलं.

सोमवारी ती दोघं पुण्याला गेल्यावर हेमलताबाईंनी एकदा शेवटचा तो वाढदिवस लावला. दारात श्रीरंगराव उभे राहिले, मान वळवून "हेमा, इकडे बघ की" म्हणाले. त्या बघत राहिल्या. चित्रफीत संपली. 'आणखी थोडं' असं आलं. त्यांचा हात रिमोटकडे गेला आणि मागे आला, पुन्हा गेला. शेवटी त्यांनी उठून भिंतीवरचं बटणच बंद केलं, पेटी सोडवली, तिची वायर नीट गुंडाळली आणि चप्पल घातली. लक्ष्मी मार्केटपर्यंतचा रस्ता त्यांना कधी नव्हे तो लांब वाटला. झरीनाने पांढरी पेटी घेतली, करडी दिली आणि चहा मागवला.

शिंपला टीव्हीमागे बसला. त्यावर बिलं भरता येत होती, रेवा रोज संध्याकाळी दिसत होती आणि जुनं शूटिंग पूर्वीसारखंच डुगडुगत होतं. दुपारी हेमलताबाई कधी कधी हेडफोन लावून ती शीळ ऐकायच्या, कधी मुद्दाम ऐकायच्या नाहीत. दुपारी घर फार मोठं वाटायचं. गुरुवारी त्या पुन्हा भजनाला जाऊ लागल्या. तिथेही मध्येच त्यांचं लक्ष उडायचं आणि ताल चुकायचा.

नाताळच्या सुट्टीत निनाद, पल्लवी आणि रेवा चार दिवस राहायला आले. रेवाने आपला गेमचा रिमोट आणला होता, दोन्ही हातांनी धरायचा. तो शिंपल्याला जोडून ती टीव्हीवर होडीचा खेळ खेळत होती. होडी खडकावर आपटली की रिमोट तिच्या हातात थरथरायचा आणि ती खिदळायची. निनाद सोफ्यावर बसून ते पाहत होता. पाहता पाहता तो एकदम ताठ झाला. त्याने झरीनाला फोन लावला. बराच वेळ हळू आवाजात काहीतरी विचारत राहिला आणि मग पेटीशी खटपट करत बसला. रेवाला पल्लवीने गच्चीवर नेलं.

"आई, जरा इथे बस," तो म्हणाला आणि त्याने रिमोट हेमलताबाईंच्या हातांत दिला. "मी एक तुकडा शोधलाय. बारशानंतरचा आहे. बारशानंतर त्यांनी एकदाच कॅमेरा काढला होता. आपल्याला माहीतच नव्हतं."

टीव्हीवर गच्ची दिसली. हेमलताबाई वाळत घातलेल्या साड्या गोळा करत होत्या आणि एक साडी वाऱ्याने उडून त्यांच्या डोक्याभोवती पुरती गुंडाळली गेली होती. आतून त्या हसत होत्या. "अहो, बघताय काय! सोडवा की मला." त्यांना तो दिवस आठवला. श्रीरंगराव मागे उभे आहेत एवढंच त्यांना तेव्हा माहीत होतं.

पहिले काही क्षण चित्र स्थिर होतं. इतर वेळी ते इथेच बंद झालं असतं. मग गच्चीचा कठडा हलायला लागला, साडी हलायला लागली, आणि त्याच वेळी हेमलताबाईंच्या हातांतला रिमोट थरथरू लागला. संथ, एकसारखा, थांबायचं नाव नाही. पडद्यावर कठडा डावीकडे गेला की इथे डावा तळवा हलत होता.

"ही त्यांच्या हाताचीच रेघ आहे," निनाद हळूच म्हणाला. "जशीच्या तशी. यात भरलेलं काही नाही."

हेमलताबाईंनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी रिमोट दोन्ही हातांनी धरला, मग आणखी घट्ट धरला, कापणारा हात धरावा तसा. कंप वाढत गेला. चित्र इतकं हललं की त्यात धड काही दिसेना. पण श्रीरंगरावांनी कॅमेरा बंद केला नाही. साडीतून हेमलताबाईंचं तोंड बाहेर आलं, केस विस्कटलेले, हसून डोळे घट्ट मिटलेले, कडांना पाणी, आणि तरीही त्यांनी बंद केला नाही. शीळ वाजत होती. मग ते हसले. माइकच्या अगदी जवळ, खोकल्यासारखं, त्यांचं नेहमीचं.

चित्र संपलं. हातांतली थरथर थांबली.

गच्चीवरून रेवा धावत खाली आली. "आजी, दे ना माझा रिमोट. माझी होडी राहिलीय."

"देते हं," हेमलताबाई म्हणाल्या. पण त्यांच्या मुठी सुटेनात. "थोडं थांब, बाळा. अगदी थोडं."